हौसेला मोल नाही

'हौसेला मोल नाही' ही म्हण आपल्या आयांनी दुसऱ्याच्या दारात ऐकली. ज्याच्या घरी बारशाला, लग्नाला पैसा पाण्यासारखा ओतला जातो, त्या घरचं माणूस ती म्हणतं. म्हणत असताना मागच्या मोरीवर एक बाई खरकटी भांडी घासत बसलेली असते. तिला मोलकरीण म्हणतात. एकच शब्द आहे बघा, मोल. हौसेला ते नाही, बाईच्या कष्टाला आहे. मोलकरीण, मोलमजुरी, मोलानं कामाला जाणं. मराठीत ज्याच्या नावाला मोल चिकटलं त्याच्या वाट्याला हौस येत नाही. 'हौशी मोलकरीण' असं कोणी कधी ऐकलंय?

या एका शब्दाच्या अंगानं मला एका खेळाकडं बघायचंय. खेळ आपल्या वस्तीतला नाही, घोडेस्वारीचा आहे. काही दोस्त म्हणतील, याला काय झालं? शिष्यवृत्त्या, गायरानं, अत्याचाराच्या केसेस सोडून याचं घोडं भलतीकडंच निघालं. जाऊ द्या थोडं. मग लगाम ओढा.

महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की एका अंगाला धोबीघाट दिसतो. दुसऱ्या अंगाला जरा चाललं की रेसकोर्स. त्याच्या पलीकडं वरळीच्या बीडीडी चाळी, ज्या १९७४ च्या जानेवारीतल्या दंगलीपासून आपल्या चळवळीच्या इतिहासात गेल्या. रेसकोर्सच्या आवारात शर्यतीच्या घोड्यांखेरीज एक वेगळा क्लब आहे, अमॅच्युअर रायडर्स क्लब. अमॅच्युअर म्हणजे हौशी. देशात असे बरेच क्लब आहेत. त्यांची पोरंपोरी राष्ट्रीय अश्वारोहण स्पर्धेत उतरतात. स्पर्धा कधी दिल्लीला भरते, कधी बंगळूरला, कधी मेरठला. ड्रेसाज नावाच्या प्रकारात घोड्यानं आखलेल्या चौकोनात ठरल्या पावलांनी चालून दाखवायचं असतं, आणि स्वारानं इशारा असा द्यायचा की बघणाऱ्याला तो दिसू नये. शो जंपिंगमध्ये दांड्यांचे अडथळे एकही दांडी न पाडता ओलांडायचे. इव्हेंटिंगमध्ये हे दोन्ही, आणि वर रानातली दौड, ओंडके अन् पाण्याचे चर पार करत. टेंट पेगिंगमध्ये चौखूर सुटलेल्या घोड्यावरून भाल्याच्या टोकानं जमिनीतली खुंटी उचलायची.

या मैदानात दोन तऱ्हेचे स्वार येतात. एक सैन्याचे, निमलष्करी दलांचे, पोलिसांचे. ते पगारी. घोड्यावर बसणं ही त्यांची नोकरी. दुसरे क्लबवाले. ते घोड्यावर बसायला पैसे भरतात. अडथळा दोघांना सारख्याच उंचीचा. आज हे दोघे शेजारी शेजारी उतरतात त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण एके काळी याच फरकापायी ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलेल्यांकडून परत घेतलं गेलंय. ती गोष्ट सांगायचीच आहे. त्याआधी हा अमॅच्युअर शब्द जरा सोलून बघू.

शब्दाचा मूळ अर्थ प्रेम करणारा. मोबदल्यासाठी नव्हे, त्या गोष्टीच्या ओढीनं ती करणारा. इतका सुंदर अर्थ. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात साहेबानं त्याचं काय केलं बघा. हेन्लीला होड्यांच्या मोठ्या शर्यती होतात. तिथं १८७९ साली अमॅच्युअर कोणाला म्हणायचं याचा नियम झाला. ज्यानं पोटासाठी कधीही कारागिरी, यंत्रावरचं काम किंवा मजुरी केली असेल तो अमॅच्युअर नव्हे. नीट वाचा. वल्ही मारायचे पैसे घेतले म्हणून बाद, एवढंच नव्हतं ते. सुतारकाम केलं म्हणूनही बाद. लोहाराच्या भात्याशी उभा राहिला म्हणूनही बाद. दंडात ताकद आली ती कामातून आली, म्हणून त्यानं आमच्या शेजारी होडीत बसू नये. याला आपल्या भाषेत शब्द आहे. विटाळ. साहेबाकडं मनू नव्हता, पण हाताच्या कामाचा विटाळ त्यालाही होत होता. आणि तो विटाळ त्यानं प्रेमाच्या नावानं पाळला, हे खास.

आपल्याकडंही हे आहेच. कचेरी सुटल्यावर नाटकाची तालीम करणारा हौशी कलावंत. त्याच्यासाठी सरकार स्पर्धा घेतं, त्या स्पर्धेच्या नावातच हौशी शब्द आहे. तमाशाच्या फडावर उभी राहणारी बाई त्याच्यापेक्षा दसपट तयारीची असली तरी ती पोटासाठी नाचते. झालं, तिच्या कलेला नाव ठेवायला एवढं पुरतं. तिलाही नाचायची ओढ असेल, पैसे मिळाले नसते तरी ती नाचली असती, हा विचार आपल्यासुद्धा किती जणांच्या मनात येतो?

आता १९४८. लंडनचं ऑलिंपिक. ड्रेसाजच्या सांघिक स्पर्धेत स्वीडननं सुवर्ण जिंकलं. तिघांचा संघ, त्यातला एक गेनाल पेर्सन. घोडेस्वारीचे ऑलिंपिक नियम तेव्हा असे की लष्करातला माणूस असेल तर तो कमिशन घेतलेला अधिकारीच हवा. सार्जंट, हवालदार चालणार नाही. कारण? अधिकारी हा सद्गृहस्थ, तो घोड्यावर बसतो ती त्याची आवड. सार्जंट घोडे शिकवतो ते त्याचं पगारी काम. म्हणजे तो धंदेवाईक. पगार दोघेही घेतात, हे सोयीनं विसरायचं. पेर्सन सार्जंटाच्या दर्जाचा होता. स्वीडिश सैन्यानं काय केलं, ऑलिंपिकपुरती त्याला बढती दिली, लेफ्टनंट केला. स्पर्धा झाली, पदक मिळालं, आणि थोड्याच दिवसांत पट्टी काढून घेऊन त्याला पुन्हा खाली आणला. हे बाहेर फुटलं. १९४९ साली आंतरराष्ट्रीय संघटनेनं स्वीडनच्या संघाला बाद ठरवलं आणि सुवर्ण फ्रान्सकडं गेलं.

या गोष्टीत दोन अन्याय आहेत. पहिला सगळ्यांना दिसतो, नियमाचा. पेर्सन घोड्यावर बसला होता, घोड्यानं पावलं टाकली होती, परीक्षकांनी गुण दिले होते. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. फक्त खांद्यावरची पट्टी उसनी निघाली. दुसरा अन्याय त्याच्या स्वतःच्या लोकांचा, आणि मला तो जास्त बोचतो. ते म्हणाले नाहीत की आमचा सार्जंट सार्जंट म्हणूनच उतरेल, तुमचा नियम चूक आहे. त्यांनी त्याला उसना दर्जा दिला. गरज होती तोवर साहेब, गरज सरली की सार्जंट. दोस्तहो, ही रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. निवडणुकीपुरता आपल्यातला एक जण व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसतो. कोणत्या गावात नाही झालं हे? राखीव सरपंचपदाची पाच वर्षं संपली की ती बाई पुन्हा कोणाच्या बांधावर खुरपायला दिसते?

पण पेर्सनची गोष्ट इथं संपत नाही. त्यानंतर नियमच बदलला. १९५२ ला हेलसिंकीत तेच तिघे स्वीडनसाठी उतरले, सुवर्ण जिंकले. १९५६ ला पुन्हा तेच तिघे, पुन्हा सुवर्ण. यावेळी उसन्या पट्टीचं काही कारण उरलं नव्हतं. १९५२ पासूनच ड्रेसाजमध्ये बायकांनाही प्रवेश मिळाला. त्या पहिल्याच खेपेला डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईनं वैयक्तिक रौप्य घेतलं. पोलिओनं तिचे पाय गुडघ्याखाली लुळे झाले होते, घोड्यावर चढाउतरायला तिला माणसं लागत. १९४८ च्या नियमानं ही बाई आणि तो सार्जंट दोघेही नालायक होते. चार वर्षांत त्यांच्यात काय बदललं? काही नाही. दार उघडलं एवढंच.

आपल्या देशातही याचा पुरावा आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण रघुबीर सिंग यांनी जिंकलं. ६१ व्या घोडदळातले दफेदार. दफेदार म्हणजे घोडदळातला हवालदार. लंडनच्या नियमानं त्यांचं नाव यादीतूनच उडालं असतं. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, १९८३ ला पद्मश्री मिळाली. पगारी स्वारानं देशाला पदक दिलं.

मग इथं सगळं बरं झालं का? थांबा. हे पगारी स्वार ज्या घोडदळातून येतात त्याची भरती बघा. ६१ वं घोडदळ संस्थानिकांच्या फौजा मोडून १९५३ साली उभं राहिलं, आणि त्यातली भरती राजपूत, मराठा आणि कायमखानी अशी चालत आली. राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल हेही घोडदळच. तिथं हिंदू जाट, हिंदू राजपूत आणि जाट शीख. सैन्यानं हे न्यायालयात नाकारलेलं नाही. समारंभाचं दल आहे, उंची आणि रूप सारखं दिसावं लागतं, असं कारण दिलं. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयात याविरुद्ध याचिका गेली. आता मला सांगा, घोड्यावर सारखं दिसायला जात कशाला लागते? उंचीच हवी तर फूटपट्टी आणा! पेर्सनच्या वेळी दर्जाचा नियम कागदावर तरी होता, तो बदलता आला. इथं नियम दिसण्याच्या नावाखाली लपलाय. साहेबाचा अमॅच्युअर आणि आमची जात, दोघांचं काम एकच. घोड्याच्या पाठीवर कोण शोभतो ते आधीच ठरवून ठेवायचं.

आता क्लबकडं परत येऊ. तिथला हौशी स्वार मैदानात शिरतो तेव्हा घोडा तयार असतो. कोणी केला तयार? मोतद्दारानं. एका मोतद्दाराला मी बरीच वर्षं ओळखतो. त्याचं नाव, त्याची जात, दोन्ही सांगत नाही, पोटावर पाय यायचा. पहाटे चारला उठून लीद काढायची, चंदी द्यायची, खरारा करायचा, खुरातली माती खरवडायची. घोड्याचं पोट धरलं की रात्रभर त्याला फिरवत राहायचं, खाली लोळू द्यायचं नाही. डॉक्टर येतो, सुई देतो, जातो. फिरवणारा तोच. परगावी स्पर्धा असली की हा घोड्यांच्या सोबतीनं आधी जातो, स्वार मागाहून येतो. मी एकदा त्याला विचारलं, तू कधी बसतोस का? म्हणाला, "बसतो की. सकाळी फिरवायला नेतो तवा. कुणी बघत नसतं." मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, "तवाच खरं चालतंय ते." त्या वेळी त्याचं तोंड ज्यानं बघितलं असेल त्यानं या माणसाला हौस नाही असं म्हणून दाखवावं.

निकालाच्या कागदावर स्वाराचं नाव असतं, घोड्याचं नाव असतं. घोड्याला नाव, मोतद्दाराला नाही. सिद्धार्थ घर सोडून निघाला त्या कथेत कंथक घोड्याबरोबर छन्नाचंही नाव आहे, घोड्याबरोबर चालणारा माणूस कथाकारांना आठवला. अडीच हजार वर्षांनी छापखाना आला, संगणक आला, आणि आपण त्याच्याही मागं गेलो.

पुण्यात हे दुसऱ्या खेळात झालेलं आहे. पाळवणकर बाळू चांभाराचा पोरगा. पूना जिमखान्यात साहेबांच्या मैदानावर रोलर फिरवायला, जाळ्यात चेंडू टाकायला पगारावर ठेवलेला. साहेबांची फलंदाजी त्याच्या गोलंदाजीवर तयार झाली. पण त्याच्या हातात तिथं कोणी बॅट दिली नाही, कारण चेंडू टाकणं हे कष्टाचं काम आणि फलंदाजी ही साहेबाची मौज. पुढं हाच बाळू हिंदू संघाचा आधारस्तंभ झाला, तरी कप्तानी त्याला मिळाली नाही. १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल कप्तान झाला तेव्हा ते दार उघडलं. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला आणि पडला, हे आपल्याला पाठ असतं. त्याच्या हातात बॅट का दिली गेली नाही, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही.

इथं कोणी म्हणेल, घोड्याचं म्हणशील तर आम्ही लढतोच आहोत. खरं आहे. नवरदेवाला घोड्यावरून उतरवतात, वरातीवर दगड येतात, पोलीस बंदोबस्तात वरात काढावी लागते. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, दर लग्नसराईत बातम्या येतात. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात टिंबी गावी २०१८ च्या मार्चमध्ये आपल्यातल्या एकवीस वर्षांच्या पोराचा खून झाला. बापानं फिर्याद दिली ती अशी की पोरगा घोडा पाळायचा, घोड्यावरून फिरायचा, म्हणून धमक्या येत होत्या. त्या पोराकडं जरा नीट बघा. ती वरात नव्हती. लग्नाचा मुहूर्त नव्हता, बँड नव्हता. त्याला घोडा आवडत होता. वरातीचा घोडा तासाभराचा, भाड्याचा, त्याचा लगाम दुसऱ्याच्या हातात, आणि नवरदेवानं नुसतं बसून राहायचं. तो मानाचा प्रश्न आहे आणि त्या मानासाठी लढलंच पाहिजे. पण हा पोरगा रोज घोड्यावर बसत होता, स्वतः लगाम धरून, कोणाला काही दाखवायचं नसतानाही. म्हणजे हौशी होता. अमॅच्युअर या शब्दाचा जो खरा अर्थ, तो हाच. मला वाटतं, गावाला मानापेक्षा हेच जास्त सलतं. मान एका दिवसाचा असतो. हौस रोज डोळ्यांसमोरून जाते.

मान आणि लगाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांच्या अंगावर बेतलेलं आहे. १९२९ च्या ऑक्टोबरातली गोष्ट, त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलेली. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या सरकारी चौकशी समितीचे सभासद म्हणून ते धुळ्याकडं गेले होते. परतताना चाळीसगावच्या महारांनी त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं. वस्ती स्टेशनापासून लांब, मधे नदी. पाहुण्याला चालत कसं न्यायचं? टांगा बघायला गेले तर एकही टांगेवाला महाराला बसवून हाकायला तयार नाही, भले तो बॅरिस्टर असो. तासभर खोळंबा. शेवटी तोड निघाली, टांगा भाड्यानं देतो, हाकणार नाही. वस्तीतलाच एक जण हाकायला बसला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. नदीवरच्या मोरीपाशी चाक अडकलं, घोडा उधळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. घोडा टांग्यासकट नदीत पडला. बाबासाहेबांच्या पायाचं हाड मोडलं, कित्येक दिवस ते जायबंदी होते.

आपण ही गोष्ट सांगतो ती टांगेवाल्याच्या माजाची म्हणून. घोडा हाकून पोट भरणारा माणूस बॅरिस्टरापेक्षा स्वतःला उंच समजतो, जातीचं याहून उघडं रूप कुठलं! बरोबरच आहे. पण मला त्या हाकणाऱ्या आपल्या माणसाचा विचार सोडत नाही. त्याच्या मनात भक्ती होती, हिंमत होती. बाबासाहेब पायी येणार नाहीत हा मान त्यानं राखला. त्याच्याकडं नव्हती ती एक गोष्ट, घोड्याची सवय. ती कुठून येणार? सवय लागायला घोडा हातात यावा लागतो, आणि पुन्हा पुन्हा यावा लागतो. त्यासाठी रिकामा वेळ हवा, चुकायची मुभा हवी, पडलं तर कोणी हसू नये अशी जागा हवी. ही सगळी मिळून हौस होते. ती हौस आपल्या वस्तीला कोणी मिळू दिली नाही, आणि तिची किंमत त्या दिवशी बाबासाहेबांच्या पायानं चुकवली.

म्हणून मी म्हणतो की हौस हा पोट भरल्यानंतरचा विषय नाही. एका अभ्यासवर्गात मी हे बोललो तर एक कार्यकर्ता उसळून उठला, "पोटाला नाही अन् घोड्याच्या गप्पा!" त्याचा संताप मला कळतो. राष्ट्रीय स्पर्धेत चमकणारा परदेशी घोडा लाखांत जातो, त्याचा महिन्याचा खर्च आपल्या कुटुंबाच्या पगाराहून जास्त. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. दोन पोरं, दोन पोरी, त्यात एक मुंबईचा. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सुवर्ण आलं. चौघांनी युरोपात राहून तयारी केली होती. त्यांच्या मेहनतीवर मी थुंकणार नाही, घोडा पैशानं विकत मिळतो, मांड मिळत नाही. पण १९८२ चा दफेदार सरकारच्या घोड्यावर तयार झाला आणि २०२३ ची पोरं घरच्या बळावर, हा फरक टिपून ठेवण्यासारखा आहे. पोटाचा सवाल पहिला, मान्य. पण आधी पोट, मग शिक्षण, मग नोकरी, आणि हौस नातवंडांना, अशी रांग कोणी लावली? आपल्या बापांनी पोट रिकामं असताना जलसे केले. ढोलकीला पैसे काढले. ती हौसच होती, आणि चळवळ तिच्यावर उभी राहिली.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे, तो एका पोरीनं घेतला. ती म्हणाली, आपल्या पाठीवर हजार वर्षं लोक बसले, आता आपण दुसऱ्याच्या पाठीवर बसायची हौस धरायची? घोड्याला कोणी विचारलं? मी बराच वेळ गप्प होतो. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचकसरतीच्या स्पर्धेत स्वारांना अनोळखी घोडे चिठ्ठीनं दिले जात, ओळख करून घ्यायला फक्त वीस मिनिटं. एक घोडा अडला, उडी घेईना. जर्मनीची खेळाडू घोड्यावरच रडू लागली आणि प्रशिक्षक बाईनं घोड्याला ठोसा मारला. जगभर बोंब झाली आणि २०२४ च्या पॅरिसनंतर त्या खेळातून घोडाच काढून टाकला. त्या पोरीचा आक्षेप मला पुरता खोडता येत नाही. एवढंच म्हणतो, घोड्याचे हाल बहुतेक तिथं होतात जिथं बसणारा त्याला ओळखत नाही. ज्यानं लीद काढली, रात्रभर फिरवलं, तो बसला तर घोड्याला काय वाटतं ते त्या मोतद्दाराला विचारायला हवं. चाकरी एकानं करायची आणि बसायचं दुसऱ्यानं, ही वाटणी माणसाला नडते, आणि मला वाटतं घोड्यालाही नडते.

ही वाटणी मोडून बघितलेली एक जागा आहे, अमेरिकेत फिलाडेल्फियाला. शहराचं मोठं सार्वजनिक उद्यान आहे, फेअरमाउंट पार्क. त्यातल्या शमूनी तबेल्यात १९९४ साली लेझली हायनर या बाईनं 'वर्क टू राइड' नावाचं काम सुरू केलं. नावातच सगळं आलं, काम करा आणि बसा. आसपासच्या गरीब, बहुतेक काळ्या वस्त्यांतली पोरं येतात. तबेला झाडतात, घोड्यांचं करतात, शाळेत मार्क टिकवावे लागतात. बदल्यात घोडेस्वारी शिकतात, पोलो शिकतात. पोलो म्हणजे तिथं धनिक गोऱ्यांचा खेळ. २०११ साली या पोरांच्या संघानं शाळकरी पोलोची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. सगळे खेळाडू काळे असलेल्या संघानं ती जिंकण्याची ती पहिली वेळ. २०१२ ला पुन्हा जिंकली. त्यांचा कप्तान करीम रॉसर पुढं कॉलेजात गेला, तिथंही २०१५ ला राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, मग आपली कहाणी पुस्तकात लिहिली. त्या पोरांत मोतद्दार कोण आणि स्वार कोण, हे विचारायची सोय नव्हती. तीच पोरं लीद काढत होती आणि तीच चषक उचलत होती. त्यांना कोणी उसनी पट्टी लावून लेफ्टनंट केलं नाही. त्यांना मिळालं ते तबेल्याचं काम, घोडे आणि वेळ.

सगळं गोड नाही त्यात. एका बाईच्या चिकाटीवर आणि देणगीदारांच्या मर्जीवर चाललेलं काम हक्क होत नाही. पण जागा सार्वजनिक होती, शहराच्या मालकीची. हे विसरू नका, कारण आता महालक्ष्मीला हाच प्रश्न येऊन ठेपलाय.

रेसकोर्सच्या जमिनीचा भाडेपट्टा २०१३ साली संपला. अकरा वर्षं घोळ चालला. २०२४ साली ठरलं की २११ एकरांपैकी १२० एकर मुंबई महानगरपालिकेच्या उद्यानासाठी आणि ९१ एकर रेस क्लबकडं. १२० एकर म्हणजे कागदावर तरी तुमची-माझी जमीन. धोबीघाटातल्या, बीडीडीतल्या पोरांची. त्या उद्यानात झाडं येतील, चालायच्या वाटा येतील. शेजारच्या आवारात पागा आहे, घोडे आहेत, घोड्यांची नस ओळखणारे मोतद्दार आहेत, आणि त्यांची पोरं त्यांच्याच डोळ्यांसमोर वाढतायत. पालिकेच्या शाळेतल्या पोरांना आठवड्यातून दोन सकाळी तिथं खरारा करायला आणि घोड्यावर बसायला मिळावं, शिकवणारे म्हणून त्या मोतद्दारांना पालिकेनं पगारावर घ्यावं, ही मागणी वॉर्ड ऑफिसात लेखी द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. अर्जाचा मसुदा मी केलाय. वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या मंडळांनी सह्यांसाठी माणसं द्यावीत. मोतद्दारांच्या सह्या आधी घेऊ नका, त्यांची नोकरी जाईल. त्या शेवटी, सगळ्यांच्या मिळून.